इंजिनातले तेल आणि टाकीतले तेल

पिकअप गाडी चालविणारे दोघे जण बाजार समितीच्या आवारात भेटले, की बोलणे हमखास एका प्रश्नावर येते. “तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?” मग कोणी सांगतो, अमुक ऑइल घातल्यापासून गाडी लिटरमागे दोन किलोमीटर जास्त पळते. दुसरा म्हणतो, छे, त्यात काही अर्थ नाही. दोघेही शपथेवर सांगतात, आणि ऐकणाऱ्याला कोणाचे खरे मानावे ते कळत नाही. इंजिनातले तेल बदलल्याने टाकीतले तेल वाचते काय, हा प्रश्न असा रोजच्या व्यवहारातला आहे. पण त्यामागे एक मोठा आणि मनोरंजक इतिहास आहे. तो समजून घेतला, तर उत्तर आपले आपल्यालाच देता येईल.

वंगण ही चीज आपल्याला नवी नाही. बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की गाडीवान थांबे आणि आसाला वंगण देई. ते दिले नाही तर दोन गोष्टी होत : आस झिजे आणि बैल थकत. या दोन गोष्टी वाचकांनी मनात ठेवाव्यात, कारण पुढची सारी कथा त्यांचीच आहे. वंगणाची कामे दोन. झीज थांबविणे हे एक, ओढ हलकी करणे हे दुसरे. दोन्ही कामे एकाच वेळी पुरेपूर साधत नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

फार जुना दाखला पाहायचा तर इजिप्तला जाऊ या. तिथे जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३९०० वर्षांपूर्वीचे एक चित्र होते. एक प्रचंड पुतळा घसरगाड्यावर ठेवला आहे, माणसांच्या रांगा दोर ओढीत आहेत, आणि गाड्याच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक माणूस वाळूवर पाणी ओतीत आहे. पुष्कळ दिवस विद्वानांना वाटे, हा काही धार्मिक विधी असावा. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष वाळूवर प्रयोग केले. वाळू योग्य प्रमाणात ओली असेल तर ओढण्याचा जोर जवळजवळ निम्म्याने कमी लागतो, असे दिसले. पाणी कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तरी नाही. ‘योग्य प्रमाणात’ हे दोन शब्द विसरू नका.

त्यानंतर हजारो वर्षे माणसाने चरबी आणि बियांची तेले यांवर काम भागविले. एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिने आणि रेल्वे आली, आणि ही तेले अपुरी पडू लागली. १८५९ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकने विहीर खोदून खनिज तेल काढले. रॉकेलसाठी ते शुद्ध करताना मागे जो जड भाग उरे, त्यापासून पुढे वंगण होऊ लागले.

पण तेल मिळाले तरी ते घालायचे कसे? आगगाडीचे इंजिन वरचेवर थांबवावे लागे. एक मनुष्य तेलाचे भांडे घेऊन खाली उतरे, एकेका सांध्यात तेल सोडी, मग गाडी पुढे निघे. हेच काम करणारा एक कृष्णवर्णीय तरुण होता, एलायजा मॅकॉय. त्याचे आईबाप अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून कॅनडात आले होते. त्याने स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जाऊन यंत्रविद्या शिकली. पण परत आल्यावर वर्णभेदामुळे त्याला इंजिनियरची जागा कोणी देईना. मिशिगन सेंट्रल रेल्वेत कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. त्या कामातूनच त्याला युक्ती सुचली. इंजिन चालू असताना आपोआप तेल सोडणारे पात्र त्याने तयार केले आणि १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. शिकलेल्या माणसाला हलके काम दिले, आणि त्याने त्या कामालाच शहाणे केले! शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

आता आपण कथेच्या गाभ्याशी आलो. तेल घातल्याने घर्षण कमी होते हे सर्वांना ठाऊक होते, पण का कमी होते हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाच्या इंजिनियरने याचे प्रयोग केले. १८८३ मध्ये त्याचा पहिला अहवाल आला. एक फिरता दांडा, वर त्याला धरून ठेवणारे पितळी बेअरिंग, आणि दांड्याचा खालचा भाग तेलात बुडलेला, अशी त्याची मांडणी होती. वरून तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला भोक पाडले. पाहतो तो काय, वरून तेल आत जाण्याऐवजी आतूनच तेल वर येऊ लागले. त्याने भोकात लाकडी गुडदी ठोकली. गुडदी बाहेर फेकली गेली! मग तिथे दाब मोजणारे यंत्र बसविले, तेव्हा तेलाचा दाब दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या वर निघाला. म्हणजे फिरता दांडा स्वतःच तेल ओढून घेत होता आणि त्या तेलाच्या पापुद्र्यावर सगळा भार तरंगत होता. धातूला धातू लागतच नव्हता.

मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये या तरंगण्याचे गणित मांडले. त्याच सुमारास रशियात पेत्रोव्ह यांनीही या विषयावर मोलाचे काम केले. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत रिचर्ड स्ट्रिबेक यांनी आपली मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांचे सार साध्या भाषेत असे सांगता येईल. तेल फार पातळ असेल, तर पापुद्रा फाटतो, धातूवर धातू घासतो आणि घर्षण एकदम वाढते. तेल फार जाड असेल, तर पापुद्रा टिकतो, पण त्या चिकट तेलालाच ढवळीत बसण्यात शक्ती खर्ची पडते. घर्षण सर्वांत कमी असते ते या दोहोंच्या मध्ये. इजिप्तच्या वाळूने जे सांगितले, तेच इथे तेलाने सांगितले.

थंडीतल्या पहाटे काकवीची बरणी कलती करून पाहा. धार पडायलाच वेळ लागतो. तीच काकवी चुलीजवळ ठेवा, पाण्यासारखी वाहू लागते. इंजिनातल्या तेलाचेही तसेच. सकाळी गाडी सुरू करताना ते जाड असते, इंजिन तापले की पातळ होते. अमेरिकेतल्या मोटार इंजिनियरांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलाला जाडीप्रमाणे क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. थंड मुलखातले लोक हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात जाड तेल घालीत. १९५० नंतर तेलात विशिष्ट रसायने मिसळून थंडीत फार न आळणारे आणि उष्णतेत फार पातळ न होणारे तेल बाजारात आले. डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते ना, त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. आकडा लहान, तितके तेल पातळ.

इथपर्यंत चिंता होती ती झिजेची. इंधनाची चिंता कोणी फारशी करीत नव्हते, कारण अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टी मोटारीला मागे माल ठेवण्याची पेटी बसवून २८१ डॉलरना पिकअप विकायला काढली. शेतकऱ्यांच्या घरी ती गाडी आली ती कामासाठी. ॲव्हरेजचा हिशेब पुढचा.

१९७३ साली चित्र पालटले. पश्चिम आशियात युद्ध झाले, अरब राष्ट्रांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले आणि काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. १९७४ च्या आरंभी अमेरिकेने हमरस्त्यांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा घातली. १९७५ च्या डिसेंबरात कायदा झाला, की प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांचे मिळून सरासरी ॲव्हरेज ठरावीक आकड्यापर्यंत गेलेच पाहिजे. मोटारींना तो १९७८ च्या मॉडेलांपासून लागू झाला. पुढच्याच वर्षापासून हलक्या ट्रकांनाही, म्हणजे पिकअपलाही, वेगळे माप लागले. याच काळात पातळ तेले ‘पेट्रोल वाचविणारी’ म्हणून पुढे आली.

या कायद्यातली एक खुबी लक्षात घ्या. कंपनीला हिशेब द्यायचा असतो लाखो गाड्यांचा. तिथे शेकडा अर्धा टक्काही सोन्याच्या मोलाचा. म्हणून २००१ च्या मॉडेलांपासून फोर्डने आपल्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांना, एफ-१५० पिकअपसकट, ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-२० हे अधिक पातळ तेल सांगितले. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे त्यातली बचत शेकडा एकाहून कमी होती. देशभरच्या गाड्यांची बेरीज केली की तीच बचत कोट्यवधी गॅलन होते. देशाच्या दृष्टीने फार मोठी, पण एका गाडीवाल्याच्या दृष्टीने? ते आपण मोजून पाहू.

२०१२ मध्ये फिनलंड आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोटारीतल्या इंधनाचा जमाखर्च मांडला. इंधनातली सुमारे एक तृतीयांश शक्ती धुराड्यातून जाते. तितक्याहून थोडी कमी इंजिन थंड राखण्यात जाते. इंजिनातल्या घर्षणाच्या वाट्याला साधारण नववा हिस्सा येतो, आणि जवळजवळ तेवढीच शक्ती टायर खातात. म्हणजे इंजिनचे तेल कितीही उत्तम असले, तरी त्याचा हात पोचतो तो या नवव्या हिश्श्यापर्यंत, आणि त्यातलेही सगळे घर्षण ते पुसू शकत नाही. म्हणूनच अमेरिकी सरकारचा वाहनचालकांना सल्ला असा, की कंपनीने सांगितलेल्या तेलाऐवजी जाड तेल घातले तर शेकडा एक ते दोन ॲव्हरेज घटते, आणि योग्य तेल वापरले तर तेवढे वाचते.

आपल्या हिशेबात हे बसवू. पिकअप लिटरला १२ किलोमीटर देते आणि वर्षाला २०,००० किलोमीटर पळते असे धरा. वर्षाचे डिझेल झाले सुमारे १,६६७ लिटर. शेकडा एक म्हणजे १७ लिटर, शेकडा दोन म्हणजे ३३ लिटर. टाकून देण्यासारखे हे नाही. पण लिटरमागे १२ चे १४ होणार म्हणजे शेकडा सोळा-सतरा वाढ. ती तेलाच्या डब्यातून निघत नाही, हे वरचा जमाखर्चच सांगतो.

मग शपथेवर सांगणारे खोटे बोलतात काय? नाही. त्यांची मोजणी अपुरी असते. एका खेपेला कांद्याची पोती, दुसऱ्या खेपेला मोकळी गाडी. एकदा घाट, एकदा सपाट रस्ता. यानेच पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतो, त्यात एक टक्का दिसणार कसा? शिवाय तेल बदलताना मिस्त्री एअर फिल्टर साफ करतो, टायरांत हवा भरतो, आणि श्रेय मिळते ते तेलाला. या भ्रमावर धंदाही चालतो. इंजिनात ओतण्याच्या ‘स्लिक फिफ्टी’ नावाच्या द्रव्याच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये कारवाई केली. दाव्यांना पुरेसा आधार नाही असा आक्षेप होता, आणि १९९७ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले.

आता उलट बाजूही पाहू. पातळ तेलाने थोडे वाचते, म्हणून आणखी पातळ घालू, असे मात्र कोणी करू नये. पातळ तेलाच्या इंजिनात बेअरिंगमधली फट आणि तेलाचा पंप त्या तेलाला धरून आखलेले असतात. आपल्याकडच्या ज्या जुन्या डिझेल पिकअपना १५डब्ल्यू-४० सांगितले आहे, त्यांत वैशाखाच्या उन्हात, भरल्या ओझ्यानिशी घाट चढताना पापुद्रा फाटला, तर वाचलेल्या तीस लिटरांच्या बदल्यात अख्खे इंजिन खोलण्याची पाळी येईल. बैल वाचवायला गेलो आणि आस मोडून बसलो, असे व्हायला नको. तसेच, “जाड तेल म्हणजे गाडीला ताकद” ही समजूतही सोडावी. जाडाचे ओझे इंजिनच वाहते.

तेव्हा आपण करायचे ते इतकेच. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जो क्रमांक आहे, तेच तेल, त्याच दर्जाचे, वेळेवर बदलावे. पुस्तिकेने दोन क्रमांकांची मुभा दिली असेल, तर आपल्या हवामानाप्रमाणे त्यातला पातळ निवडायला हरकत नाही. टायरांतली हवा पंधरवड्याला पाहावी. नको ते ओझे उतरवावे. सगळ्यांत मोठी बचत असते ती पायाखाली. विनाकारण वेग आणि घडीघडी ब्रेक यांत जेवढे इंधन जाते, तेवढे कोणतेही तेल परत आणीत नाही. आणि खरोखर ताळा पाहायचा असेल, तर टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत, त्याच रस्त्याला, तेवढ्याच ओझ्याने, निदान तीन-चार महिने वहीत नोंद ठेवावी. शाळेतल्या मुलांना हा हिशेब द्यायला चांगला आहे. शेकडेवारी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकापेक्षा या वहीतून लवकर कळेल.

टॉवरच्या प्रयोगात गुडदी बाहेर उडाली, तेव्हा त्याने ती पुन्हा ठोकून विषय संपविला नाही. तिथे दाब मोजायचे यंत्र लावले. पुढच्या वेळी कोणी डबा दाखवून ॲव्हरेज वाढविण्याची हमी दिली, तर त्याच्याशी वाद घालू नका. फक्त विचारा, “कोणत्या तेलाच्या तुलनेत, आणि मोजले कसे?”