पहिली पायरी कोणाच्या अंगणात?

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा वरच्या टोकाकडून. १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांचे महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्यातील दलितांची शिकलेली पिढी तेथून बाहेर पडली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, त्यापायी आमच्या वस्त्या जळाल्या, आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. हा इतिहास आम्ही छातीवर वागवतो, आणि ते योग्यच आहे. पण जे महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचले त्यांच्या मागे किती लेकरे पहिलीतच गळाली आणि का गळाली, हा प्रश्न आम्ही इतिहासाचा मानला नाही. तो मला येथे मांडायचा आहे.

मी रेणापूरचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलात होता. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि आमच्या वस्तीची बोली पुस्तकी मराठीहूनही दूर. माझ्या मायला अक्षर येत नव्हते. मी पाटी घेऊन बसलो की भाकरी थापता थापता ती म्हणे, "तू वाच बाबू, म्या ऐकते." शाळेत मात्र मी चुकलो की प्रश्न यायचा, "घरी कोणी घेत नाही का रे अभ्यास?" या एका प्रश्नात साऱ्या शिक्षणव्यवस्थेचे गृहीत आहे. मूल पहिलीत येण्यापूर्वी घराने पाच वर्षे काम केलेले असते, असे शाळा धरून चालते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी आणि पाटी आहे तेथे ते खरे असते. आमच्या घरातही ओव्या होत्या, तोंडी हिशेब होते, रानातल्या झाडपाल्याची माहिती होती. पण त्याला शाळेत किंमत नव्हती. दोष मायचा नव्हता. दिवस उजाडताच दुसऱ्याच्या रानात जाणाऱ्या बाईला दोष देणे ही प्रस्थापितांची सोय होती.

थोरांना आणि लेकरांना बरोबरीने शिकवावे, हा विचार आपल्याला परका नाही. मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंनीच १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले. भर पायथ्यावर होता.

पुढे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले. हरिजनवाड्यातली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हे नाव तेथून आले. म्हणजे या शब्दाचा जन्मच आमच्या अंगणातला!

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि हा शब्द देशभर नेला. शब्द गेला, अंगण मात्र मागे राहिले. दलित-आदिवासी वस्त्यांना अंगणवाड्यांत अग्रक्रम द्या, हे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने ४० लहान मुले असलेल्या वस्तीला मागेल तेव्हा अंगणवाडीचा हक्क दिला. किती वस्त्यांनी तो मागितला, हे आपण कार्यकर्त्यांनी स्वतःलाच विचारावे.

कायद्याची कथा याहून बोलकी आहे. संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांचा उल्लेख होता, खालची मर्यादा नव्हती. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मूलभूत हक्क मानले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला. सहाच्या आतले लेकरू पुन्हा 'प्रयत्न करील' या शब्दावर सोडले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यातही पूर्वप्राथमिकाची व्यवस्था शासन 'करू शकेल', एवढेच आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वयाचा पायाभूत टप्पा आला. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

मायची पाटी तर निराळ्याच खात्यात. १९७८ चा प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चे साक्षरता अभियान, २०२२ पासूनचा नवभारत साक्षरता कार्यक्रम ही साक्षरतेची वाट एकीकडे, अंगणवाडी दुसरीकडे. एकाच घरातली माय आणि लेकरू सरकारी कागदावर एकमेकांना भेटतच नाहीत.

१९६५ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मजूर बायांनी 'हेड स्टार्ट' योजनेची बालकेंद्रे स्वतः चालवली. त्याच शिक्षिका, त्यांनाच पगार. गोऱ्या राजकारण्यांना ते खुपले आणि वर्षभरात पैसा अडवण्याची धडपड सुरू झाली. आमच्याकडे सेविकेला पगार नव्हे, मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ सालचा न्यायालयाचा निकाल लागला.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून आजही बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरू फडात. नाव गावच्या पटावर, पोर पाचटावर!

म्हणून मागणी स्पष्ट हवी: हक्क जन्मापासून, अंगणवाडी वस्तीत आणि फडावर, आणि तेथेच मायसाठीही पाटी. विद्यापीठाच्या नावासाठी आम्ही रक्त सांडले. त्या विद्यापीठाची पहिली पायरी अंगणवाडीत आहे, आणि तिच्यासाठी एकही मोर्चा निघालेला मला आठवत नाही.