कामगार-नुकसानभरपाई : तिची मुदत

नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या अपघाताने कामगाराच्या शरीरास इजा पोहोचून त्याची कमाई थांबली अथवा घटली असता, मालकाने किंवा मालक-कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या विमा-संस्थेने त्याला, आणि तो दगावल्यास त्याच्या आश्रितांना, द्यावयाच्या रकमेस कामगार-नुकसानभरपाई म्हणतात. ही रक्कम किती, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु जखमी माणसाच्या घरी चूल पेटती राहते की नाही, हे रकमेच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्या मुदतीवर अवलंबून असते. भारतात या मुदतीचा निर्णय दोन भिन्न कायद्यांनी दोन भिन्न रीतींनी केला आहे : १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ती वर्षांनी मर्यादित केली, तर १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने ती जखमी माणसाच्या अवस्थेवर सोपविली.

मुदतीचा हा प्रश्न सरकारच्या आधी कामगारांनीच उपस्थित केला होता. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला. त्यात रविवारची सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी होती : गिरणीत काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज व्हावी. ‘बरा होईपर्यंत’ आणि ‘जन्मभर’ ही दोनच मापे त्या अक्षरशत्रू ठरविल्या गेलेल्या माणसांनी मांडली, आणि पुढील सव्वाशेहून अधिक वर्षांत या विषयावर जे कायदे झाले त्यांची योग्यायोग्यता या मापांनी तपासून पाहण्याजोगी आहे. त्या काळी अशा कामगारास कायद्याचा आधार जवळजवळ नव्हताच. प्राणघातक अपघातांविषयीचा १८५५ चा कायदा केवळ मृताच्या कुटुंबासाठी होता, आणि तोही दिवाणी दावा लावून प्रतिपक्षाचा दोष शाबीत करण्याची ऐपत असेल तरच उपयोगी पडे. दोषाचा विचार बाजूस सारून, उद्योगात होणाऱ्या इजेचा भार त्या उद्योगानेच वाहावा, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८९७ च्या कायद्याने स्वीकारले. हिंदुस्थानात ते १९२३ च्या आठव्या अधिनियमाने आले आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आले.

या कायद्याखाली तात्पुरत्या विकलांगतेची भरपाई अर्धमासिक हप्त्यांनी मिळते. प्रत्येक हप्ता मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे व्यवहारात अर्धा पगार, इतका असतो. विकलांगता तीन दिवसांहून अधिक टिकली नाही तर मालकावर कोणतेही दायित्व येत नाही. मूळ कायद्यात दहा दिवसांची असलेली ही अट पुढे सात दिवसांवर आणि १९५९ च्या दुरुस्तीने तीन दिवसांवर आली. विकलांगता अठ्ठावीस दिवस वा अधिक टिकली तर पहिल्या दिवसापासूनची भरपाई मिळते आणि पहिला हप्ता सोळाव्या दिवशी देय होतो. त्याहून कमी टिकली तर प्रतीक्षेचे तीन दिवस वगळले जातात. तेथून पुढे विकलांगता असेतोपर्यंत अथवा पाच वर्षे, यांपैकी जो काळ कमी असेल तितका, हप्ता चालू राहतो.

या ‘पाच वर्षे’ शब्दांतच सारी अडचण साठली आहे. हाड सांधणे, जखम भरणे, त्वचारोपण होणे, या गोष्टी बहुधा काही महिन्यांत उरकतात, आणि त्यांच्यापुरती ही मर्यादा कोणास जाचत नाही. परंतु पाठीच्या कण्याला किंवा मेंदूला झालेली जी इजा ना पुरती बरी होते, ना कायमची म्हणून लवकर ठरविता येते, तिच्या बाबतीत पाच वर्षांची कुंपणरेषा वैद्यकाच्या कोणत्याही नियमाने आखलेली नाही. ती मालकाच्या हिशेबाच्या सोयीने आखलेली आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

पाच वर्षांच्या आतही हप्ता निर्वेध चालतोच असे नाही. प्रकृतीत पालट झाल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मालक अथवा कामगार यांपैकी कोणीही या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्ताकडे अर्ज करू शकतो, आणि आयुक्त हप्ता चालू ठेवू, वाढवू, कमी करू किंवा बंद करू शकतो. विकलांगता कायमची असल्याचे आढळले तर, आधी दिलेली रक्कम वजा करून, हप्त्यांचे रूपांतर ठोक रकमेत होते. मालकाने खर्च सोसून योजिलेल्या डॉक्टराकडून तपासणी करून घेण्यास कामगाराने नकार दिला, तर तो नकार चालू असेतोपर्यंत त्याचा हक्क तहकूब राहतो. उपचारासाठी शहर सोडून मुलखाकडे परतणाऱ्या गिरणीकामगारांना, तपासणी करून घेण्याआधीच निघून गेल्यास, याच कलमाची झळ लागण्याचा संभव असे. उभयतांच्या संमतीने, आणि संमती न जुळल्यास व हप्ते किमान सहा महिने चालले असतील तर आयुक्तामार्फत, एकरकमी निकाल लावण्याचीही सोय आहे. तातडीच्या कर्जाने गांजलेला माणूस अशा एकरकमेस सहज राजी होतो, म्हणून आयुक्ताने येथे विशेष सावध असावे हे उचित.

कायमच्या विकलांगतेस या कायद्याखाली मुदतच नाही, कारण भरपाई एकदाच दिली जाते. पूर्ण विकलांगतेस मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांस आणि मृत्यूच्या प्रसंगी ५० टक्क्यांस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. हा गुणक वाढत्या वयाबरोबर उतरत जातो. हिशेबासाठी धरावयाच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्ये १५,००० रुपये ठरविण्यात आली. तीस वर्षांच्या कामगारास २०७.९८ हा गुणक लागू होतो, म्हणून १५,००० रुपये वेतन धरता पूर्ण विकलांगतेची रक्कम १८,७१,८२० रुपये होते; अंगठा गेल्यास कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे मानून ५,६१,५४६ रुपये. परिशिष्टातील टक्के मात्र अंतिम नव्हेत. कोपराच्या वर डावा हात तोडावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, हात नसलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही हे आयुक्ताचे साधे अनुमान सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि त्याची विकलांगता पूर्ण धरली. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही त्याच निकालाने स्पष्ट झाले. महिनाभरात ती न दिल्यास १२ टक्के व्याज आणि, दिरंगाईस सबळ कारण नसेल तर, ५० टक्क्यांपर्यंत दंड मालकावर बसतो. तथापि अठरा लाखांची रक्कम तीस वर्षांच्या माणसाला उरलेले आयुष्यभर पुरेल काय, हा प्रश्न कायदा स्वतःस विचारीत नाही. मृत्यूची भरपाई आयुक्ताकडेच जमा करावी आणि त्याने ती आश्रितांत वाटावी अथवा त्यांच्या हितासाठी गुंतवावी, एवढी दक्षता मात्र कायद्याने घेतली आहे.

१९४८ च्या कायद्याखालील राज्य कामगार विमा योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे झाला, आणि १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथील कामगारांपर्यंत पोहोचली. अपघाताचा दिवस वगळून किमान तीन दिवस विकलांगता टिकली की सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के लाभ सुरू होतो, आणि तो विकलांगता असेतोपर्यंत चालतो. वर्षांची कमाल मर्यादा नाही, आणि अमुक दिवसांची वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी जखमी झालेला कामगारही त्यास पात्र ठरतो. याच योजनेतील आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपुरता आहे, हे लक्षात घेता अपघाताला दिलेले वेगळे स्थान ठळकपणे दिसते. विकलांगता कायमची ठरल्यास वैद्यकीय मंडळाने निश्चित केलेल्या कमाईच्या हानीच्या प्रमाणात लाभ दरमहा, हयातभर मिळतो. कामगार दगावल्यास विधवेस पूर्ण दराच्या तीन-पंचमांश हिस्सा ती हयात असेतोपर्यंत किंवा पुनर्विवाह करीपर्यंत, मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत आणि मुलीस विवाहापर्यंत दोन-पंचमांश हिस्सा मिळतो. अपंग अपत्याचा हिस्सा अपंगत्व असेतोपर्यंत थांबत नाही. महागाई लक्षात घेऊन राज्य कामगार विमा महामंडळ हे दर वेळोवेळी वाढविते, आणि ठोक रकमेस जे कधीही साधणार नाही ते येथे साधते. १८८४ च्या अर्जातील दोन्ही मापे, पूर्ण पगाराचा अपवाद सोडल्यास, या कायद्याने बहुतांशी मान्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले, योजना लागू असलेल्या आस्थापनांतील कामगारच तिच्या कक्षेत येतात, आणि कक्षेत आलेल्यास जुन्या कायद्याखाली मालकाकडे दाद मागता येत नाही. कक्षेबाहेर राहिलेल्या कामगारास जुनाच मार्ग उरतो, आणि तेथे अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. उशिरास सबळ कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतो. मालकाने हक्कसोडीचा करार लिहून घेतला तरी तो रद्दबातल ठरतो, आणि भरपाईच्या रकमेवर सावकाराची जप्ती येऊ शकत नाही. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने हे दोन्ही कायदे आपल्यात सामावून घेतले. घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासात घडलेल्या, नोकरीशी संबंध असलेल्या अपघातासही तिने मालकाच्या दायित्वाखाली आणले. परंतु अर्धमासिक हप्त्याची पाच वर्षांची मर्यादा तिने जशीच्या तशी राखली आहे.