हौशी छायाचित्रकार, स्पर्धा आणि तंजावरची शिळा



हल्ली घराघरांत कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. आपली मुले चतुराचे डोळे, मुंगीच्या मिशा, पानावरचा दवबिंदू असे काहीबाही जवळून टिपत असतात. यालाच ‘मॅक्रो’ छायाचित्रण म्हणतात. वस्तू जेवढी असेल तेवढीच, किंवा त्याहून मोठी, प्रतिमा कॅमेऱ्यात उमटली की ते खरे मॅक्रो. ब्रिटनमध्ये २०१८ साली अशा चित्रांसाठी ‘क्लोज-अप फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्वतंत्र स्पर्धाच सुरू झाली. पण ‘आम्ही हौशी, आम्ही कशाला भाग घ्यायचा?’ असे म्हणून पुष्कळजण मागे राहतात. त्यांच्यासाठी एक जुनी हकीकत सांगतो. तिचा शेवट आपल्या मेलकावेरीपासून चाळीसेक किलोमीटरवर, तंजावरला होतो.

लहान गोष्ट जवळून पाहून तिची नोंद ठेवण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. सरफोजी महाराजांच्या (१७९८–१८३२) काळात डोळ्यांच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया होत. त्यांच्या नोंदींबरोबर विकार झालेल्या डोळ्यांची रंगीत चित्रेही काढली जात. चाळीसहून अधिक रुग्णांचे हे कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहेत. तेव्हा छायाचित्रणाची कला जगात अवतरलीही नव्हती. चित्रकाराचा डोळा हाच कॅमेरा होता.

पुढे १८३९ साली ही कला जाहीर झाली आणि लवकरच हिंदुस्थानात आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी निगडित होते. पेशाने वैद्य, हौसेने छायाचित्रकार! म्हणजे मराठी माणूस या छंदात अगदी आरंभापासून आहे.

आता मुख्य हकीकत. लिनियस ट्राइप हे कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतले अधिकारी. इंग्लंडात रजेवर असताना त्यांनी हौस म्हणून ही कला शिकून घेतली. हळेबीड, बेलूर वगैरे ठिकाणी जाऊन त्यांनी देवळांची छायाचित्रे घेतली आणि त्यांतली ६८ चित्रे १८५५ च्या मद्रास प्रदर्शनात मांडली. परीक्षकांनी कागदावरील दृश्यचित्रांत तीच मालिका सर्वोत्तम ठरवली. दुसऱ्याच वर्षी मद्रास सरकारने त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. हौशी माणसाने धीर करून स्पर्धेत उतरण्याचे हे फळ!

त्याच १८५५ साली तंजावरचे शिवाजी महाराज वारले. औरस पुत्र नाही म्हणून कंपनीने राज्य खालसा केले. १८५८ मध्ये ट्राइप तंजावरला आले तेव्हा गादी गेलेली होती, पण बृहदीश्वराचे देऊळ होते तसेच उभे होते. देवळाच्या जोत्यावर कोरलेला लेख टिपण्यासाठी त्यांनी कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवीत एकामागून एक चित्रे घेतली. अशी २१ चित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीचा पट तयार झाला. आजच्या व्याख्येने हे मॅक्रो नव्हे, पण ध्यास तोच: दुरून सुंदर दिसणाऱ्या वस्तूच्या जवळ जाऊन तिचे अक्षर न् अक्षर दिसावे. कागदाच्या निगेटिव्हला उजेडही खूप वेळ द्यावा लागे. आजही जवळच्या चित्रात ती अडचण आहेच. भिंगापुढची वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची तर भिंग आणि फिल्म यांतले अंतर दुप्पट होते आणि उजेड पावपट उरतो.

एक गंमतही सांगायला हवी. ट्राइप कधीकधी निगेटिव्हवर रंगाने ढग काढीत. आजच्या निसर्गचित्रांच्या स्पर्धांत असे चालत नाही. परीक्षक मूळ फाइल मागवून तपासतात. आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

ट्राइपांचे काम फार काळ चालले नाही. १८५९ मध्ये आलेले गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांना हा खर्च चैनीचा वाटला आणि खाते बंद झाले. चित्रे मात्र टिकली. जोत्यावरचे चोळकालीन लेख हुल्त्श या विद्वानाने वाचले आणि १८९१ पासून छापून प्रसिद्ध केले. आज जगभरचे अभ्यासक ते वाचतात.

त्याच देवळाच्या आवारात आपला मराठी लेखही आहे. सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तेथे दगडावर कोरविला. आपण प्रदक्षिणा घालतो, लांबूनच हात जोडतो आणि घरी परततो. त्यातली अक्षरे जवळ जाऊन किती जणांनी पाहिली असतील? ऊन-पाऊस दगडालाही सोडत नाही.

म्हणून मुलांना एवढेच सांगणे आहे. चतुराचे डोळे जरूर टिपा, स्पर्धेत बेलाशक पाठवा. बक्षीस न मिळाले तरी पाहण्याची सवय लागेल. पुढच्या खेपेस तंजावरला जाल तेव्हा परवानगी घेऊन त्या मराठी अक्षरांपाशीही दोन घटका थांबा, आणि घरी आल्यावर आजी-आजोबांच्या मांडीवर बसून ती त्यांच्याकडून वाचून घ्या.