घराचा धनी आणि मताचा धनी

पनवेल हें जुनें व्यापारी गांव. येथील नगरपालिका सन १८५२ मध्यें स्थापन झाली, आणि महाराष्ट्रांतील पहिली नगरपालिका असा तिचा लौकिक आहे. परंतु त्या काळच्या नगरपालिकांचे सभासद सरकारकडून नेमले जात. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडणुकीचें तत्त्व हळूहळू रुजूं लागलें, तरी मताचा अधिकार मिळकत आणि कर यांवरच मोजला जाई. १९१९ च्या सुधारणा कायद्यानें प्रांतिक कायदेमंडळासाठींहि शेतसारा, घरभाडें, प्राप्तिकर हींच मापें ठरविलीं. १९३५ च्या कायद्यानें मतदार पुष्कळ वाढले; तथापि प्रौढांपैकीं सुमारें एकषष्ठांश लोकच यादींत आले. ज्याच्यापाशीं घरदार, त्याच्यापाशीं मत, असा तो न्याय होता.

स्वातंत्र्यानंतर हा न्याय मुळापासून बदलला. मिळकत गेली आणि तिच्या जागीं वास्तव्य आलें. पण वास्तव्य म्हणजे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १९४८ सालीं नव्या यादीची पूर्वतयारी चालूं असतां फाळणीनें घरें सुटलेले लाखों निर्वासित नव्या गांवीं नुकतेच येऊन उतरले होते. अमुक दिवसांच्या वस्तीची अट त्यांना पाळतां येणें शक्य नव्हतें. तेव्हां ‘येथेंच कायम राहण्याचा आमचा मनोदय आहे’ एवढ्या लेखी निवेदनावर त्यांचीं नांवें कच्च्या यादींत घेण्याचें ठरलें. ज्याचें घर गेलें, त्याचें मत जाऊं नये, हा त्यांतील अर्थ.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें ‘सर्वसाधारण रहिवासी’ ही कसोटी घातली. त्याच्या विसाव्या कलमांत स्पष्टच म्हटलें आहे कीं, एखाद्या मतदारसंघांत केवळ घर मालकीचें किंवा ताब्यांत आहे, एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाहीं. जुन्या न्यायाला दिलेलें हें सरळ उत्तर होय. भाडेकरू आणि घरमालक यादींत एका ओळींत आले. एका माणसाचें नांव मात्र एकाच ठिकाणीं असावें, हाहि नियम त्याच कायद्यांत आहे.

पुढें पनवेलचें रूप पालटलें. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली. नवी मुंबईचा विस्तार होतां होतां नवीन पनवेल, खारघर या वसाहती वाढल्या, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मुंबईहून कुटुंबें प्रथम भाड्यानें येतात, मग कर्ज काढून घर घेतात. येथें इतिहासानें एक गमतीचें वळण घेतलें आहे. पूर्वीं घर दाखवून मत मिळे. आतां मतदार ओळखपत्र दाखवून घराच्या कर्जाचा अर्ज करतां येतो, कारण रिझर्व्ह बँकेनें ओळख व पत्ता यांसाठीं मान्य केलेल्या कागदपत्रांत तें एक आहे. ओळखपत्रावर जुना पत्ता असल्यास विजेचें अलीकडील बिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते. पण तीन महिन्यांच्या आंत नव्या पत्त्याचें मान्य कागदपत्र द्यावें लागतें. म्हणून बिऱ्हाड हलवितांच पत्ता बदलून घ्यावा आणि नंतर कर्जाच्या अर्जास हात घालावा, हा क्रम शहाणपणाचा. १ ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतरासाठीं आठ क्रमांकाचा एकच नमुना भरावा लागतो, मग नवें घर त्याच मतदारसंघांत असो वा दुसऱ्या.

येथें दोन गोष्टींची गल्लत होऊं नये. हक्कलेख घराची मालकी सांगतात, मतदार यादी माणसाचें वास्तव्य सांगते. जें घर अद्याप बांधून व्हावयाचें आहे, किंवा विकत घेऊनहि जेथें कुटुंब राहावयास गेलें नाहीं, त्याचा पत्ता कर्जाच्या सोयीसाठीं यादींत घालणें म्हणजे खोटें निवेदन करणें होय. त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आज ज्या भाड्याच्या खोलींत चूल पेटते, तोच खरा पत्ता. नव्या घरांत गेल्यावर तो पुनः बदलावा.

दुसरी गोष्ट घरांतील स्त्रियांची. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं सुमारें अठ्ठावीस लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गळलीं, कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगितलें होतें. आज तसें होत नाहीं. पण कुटुंबप्रमुखाचा अर्ज गेला कीं सर्वांचा गेला, अशी समजूत अजून आढळते. प्रत्येक मतदाराचा अर्ज वेगळा असतो. कर्जावर पत्नीची सही सहकर्जदार म्हणून पडते आणि तिचें मत मात्र दादरच्या जुन्या चाळीच्या यादींत पडून राहतें, हें बरें नव्हे.

बँक कागदासाठीं थांबते, निवडणूक थांबत नाहीं. उमेदवारी अर्जांची मुदत संपली कीं मतदान उरकेपर्यंत यादींत नांव घालतां येत नाहीं. कर्जाचे हप्ते वीस वर्षें फेडल्यावर माणूस घराचा पुरता धनी होतो. मताचा धनी मात्र तो नव्या गांवीं बिऱ्हाड थाटतांच होऊं शकतो. त्यासाठीं एक अर्ज पुरतो, आणि तो वेळेवर करावा लागतो.