आल्फ्रिस्टन पाळकगृह

आल्फ्रिस्टन पाळकगृह : इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्यातले मध्ययुगीन घर. आल्फ्रिस्टन गावात, ककमिअर नदीजवळ, संत अँड्र्यूच्या चर्चला लागून ते उभे आहे. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली इमारत होय.

घराची मूळ बांधणी चौदाव्या शतकातली मानली जाते. दक्षिण इंग्लंडातील सधन शेतकऱ्यांच्या घरांचा हा नमुना : ओक लाकडाची चौकट, मधे कुडाच्या भिंती आणि वर पेंढ्याने शाकारलेले उतरते छप्पर. मधली खोली थेट आढ्यापर्यंत मोकळी, तिच्या दोन्ही अंगांना दुमजली दालने, आणि सर्वांवर एकच छप्पर. धुराडी येण्यापूर्वी अशा घरांत जमिनीवरच चूल पेटे आणि धूर छपरातून बाहेर जाई. आल्फ्रिस्टनच्या या खोलीतली जमीन ठोकून घट्ट केलेल्या खडूच्या चुऱ्याची असून ती आंबलेल्या दुधाने सारवलेली आहे. सामान्य ग्रामीण घरातले असे तपशील क्वचितच टिकतात. या वास्तूचे खरे मोल त्यांतच आहे.

या घरात चर्चचे पाळक राहत; त्यांच्या बदलत्या राहणीला ते पुढे अपुरे पडले. एकोणिसाव्या शतकात त्यात मजुरांची बिऱ्हाडे होती. डागडुजी थांबली, छप्पर खचले आणि घर पाडण्याचे ठरत आले. १८८२ चा प्राचीन स्मारकांचा कायदा मुख्यतः प्रागैतिहासिक अवशेषांपुरता होता. राहत्या घरांना त्याचे संरक्षण नव्हते, त्यामुळे असे घर वाचवायचे तर कोणीतरी विकत घेणे हाच खात्रीचा मार्ग उरे. गावचे पाळक एफ. डब्ल्यू. बेनन यांनी त्यासाठी नेटाने प्रयत्न केले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तू संरक्षण मंडळाचीही मदत झाली. नॅशनल ट्रस्ट तेव्हा नुकताच, १८९५ मध्ये, ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी उभा केला होता. त्याने १८९६ मध्ये चर्चच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या आयुक्तांकडून हे घर केवळ १० पौंडांना घेतले. किंमत नाममात्र होती. मोठा भार दुरुस्तीचा होता. ऑक्टेव्हिया हिल यांनी त्यासाठी लोकांकडे मदत मागितली. राजवाडा किंवा किल्ला नव्हे, तर गावातले एक पडके घर राखण्यासाठी लोकवर्गणी मागण्यात मोठी दूरदृष्टी होती.

दुरुस्तीत जुने लाकूड शक्य तिथे तसेच ठेवले गेले. मधल्या खोलीतील एका तुळईवर ओकच्या पानाची कोरीव नक्षी आहे. ट्रस्टचे ओकपानाचे बोधचिन्ह तिच्यावरून सुचले असावे असे सांगतात. तो तर्कच आहे. १९०७ च्या कायद्याने ट्रस्टला आपल्या वास्तू अविक्रेय ठरवण्याचा अधिकार मिळाला. पुढे हे घर इंग्लंडच्या संरक्षित इमारतींच्या सूचीत दाखल झाले. घर व भोवतालची बाग आज पर्यटकांना पाहता येते.