एक गट, चार नावं

दिवाळीच्या आधीची गोष्ट. ऑफिसात एक बग माझ्या गळ्यात पडला. ग्राहकाने घरचा आणि दुकानाचा असे दोन पत्ते भरले तरी स्क्रीनवर एकच दिसायचा, तोही शेवटी भरलेला. अर्ध्या तासात कारण सापडलं. कोणीतरी (कोणीतरी म्हणजे मीच, आठ महिन्यांपूर्वी) जावातला साधा हॅशमॅप वापरला होता. त्यात एका कीला एकच व्हॅल्यू. त्याच कीवर दुसरी व्हॅल्यू ठेवली की पहिली गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. खरं तर तिथे हवा होता मल्टिमॅप, म्हणजे एका कीला कितीही व्हॅल्यू.

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्गाच्या हजेरीपटात रोल नंबरपुढे एकच नाव असतं, तो मॅप. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तिथे एका शब्दापुढे पाच-सहा पानांचे आकडे असतात, तो मल्टिमॅप. सी प्लस प्लसमध्ये तो १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डपासून आयता मिळतो. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीत नाही. तिथे मॅपच्या आत लिस्ट ठेवा, नाहीतर गूगलची ग्वावा लायब्ररी घ्या. एवढीशी गोष्ट. बग दुरुस्त केला, बॅग भरली आणि दिवाळीला धर्माबादची गाडी पकडली.

धर्माबाद म्हणजे नांदेड जिल्ह्याचं तेलंगणाकडचं टोक. लाल मिरचीचा बाजार, जवळून वाहणारी गोदावरी, आणि रेल्वेने थोडं पुढे गेलं की बासरचं सरस्वतीचं देऊळ, ते मात्र दुसऱ्या राज्यात. आमच्याकडे बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही चालतात आणि सोयरिकीही सीमेच्या दोन्ही बाजूंना होतात. माझ्या आत्याला १९८३ साली पलीकडे भैंशाला दिलं.

भाऊबीजेला आत्या आली होती. मोठ्या काकांना बँकेसाठी सातबारा हवा होता, घरात शिकलेला मी, म्हणून मोबाइलवर मीच काढून दिला. आणि बघतच राहिलो. आजोबा १९९१ साली वारले. त्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी. पण गटासमोर नाव एकच, मोठ्या काकांचं, आणि त्यापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर'.

चार व्हॅल्यू हव्यात तिथे एकच. म्हणजे माझाच बग, पण तीस-पस्तीस वर्षांचा जुना! हे असं का झालं असेल म्हणून वाचायला बसलो, त्यात दिवाळीची अर्धी सुट्टी गेली. जे कळलं ते थोडक्यात मांडतो.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात रयतवारी आणली, १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने मोजणी सुरू केली. जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येकाला सर्व्हे नंबर दिला आणि प्रत्येक नंबरापुढे एक खातेदार लिहिला. एकच का? कारण सरकारचा प्रश्न एकच होता: सारा कोणाकडून वसूल करायचा? त्या घरात खाणारी तोंडं किती, भाऊ किती, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. दार ठोठवायला एक नाव पुरे. त्या प्रश्नासाठी साधा मॅप अगदी योग्य होता. पुढे भाऊ-भाऊ, सावकार आणि कुळं यांचे हक्क कुठेच नोंदलेले नाहीत हे लक्षात आलं, तेव्हा १९०३ साली मुंबई सरकारला हक्कनोंदणीचा वेगळा कायदा करावा लागला.

आमचा भाग मात्र निजामाच्या राज्यात. तिथेही १८७० च्या दशकापासून मोजणी झाली ती मुंबईच्याच धर्तीवर. पण हैदराबादच्या १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्यात (फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन, म्हणजे साधारण १९०७) दोन शब्द आहेत जे मला फार आवडले: पट्टेदार आणि शिकमीदार. पट्टेदार म्हणजे ज्याच्या नावावर सारा लागलाय तो. शिकमीदार म्हणजे त्याच्यासारखाच जमिनीत हक्क असलेला किंवा पहिल्यापासून त्याच्याबरोबर वहिवाट असलेला माणूस, फक्त पट्टा त्याच्या नावावर नाही. म्हणजे कायद्याला माहीत होतं की एका नंबरामागे एकापेक्षा जास्त माणसं असतात. एक पुढे, बाकीची मागे.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. त्याच सुमारास हक्कनोंदणीचा नियम आला आणि १९५४-५५ मध्ये गावोगाव पाहणी होऊन 'खासरा पत्रक' तयार झालं. त्यात मालकाबरोबर प्रत्यक्ष ताबा कोणाचा याचाही रकाना होता. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद निघाला की वकील पहिल्यांदा विचारतो, "खासरा आहे का?" १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्रात गेली, धर्माबाद इकडे राहिलं. म्हणजे आत्याच्या सासरचा आणि माहेरचा खासरा एकाच राज्यात लिहिला गेला आणि दोन वर्षांनी त्याच्या मधून सीमा गेली. पलीकडे अजूनही पट्टादार आणि पहाणी हेच शब्द आहेत. इकडे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला आणि आपला सातबारा.

सातबारा हा डिझाइन म्हणून बघा, मजा येते. गाव नमुना ७ मध्ये गटावरून माणसं सापडतात, ८-अ मध्ये माणसावरून गट. म्हणजे दोन उलटसुलट मल्टिमॅप! गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, झालेल्या प्रत्येक बदलाचा लॉग. नाव कमी करायचं तर खोडत नाहीत, त्याला कंस करतात, म्हणजे आपण ज्याला सॉफ्ट डिलीट म्हणतो ते. जुने लोक आपल्यापेक्षा हुशार होते याबद्दल माझी खात्रीच पटली.

मग एवढ्या चांगल्या मल्टिमॅपमध्ये एकच नाव कसं? तर रकान्यात जागा भरपूर होती, भरणाऱ्यांनी एकच भरलं. बाप वारला की थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लावायचं, बाकीचे त्यात आलेच असं धरायचं. सोसायटीचं कर्ज, सह्या, सगळं एका माणसावर उरकतं. बहिणींची नावं लागलीच तर पुष्कळदा 'इतर अधिकार' या बाजूच्या रकान्यात. माणूस तीच, हक्क तोच, पण रकाना दुसरा.

कायदा मधल्या काळात पुढे गेला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे आत्या बाहेर. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीत ही लग्नाची अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही. आत्या आत.

पण सातबारा तोच! तो मालकीचा अंतिम पुरावा नाही, महसुली नोंद आहे, असं कोर्टं पुन्हा पुन्हा सांगतात. खरं आहे. मात्र बँक, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला, सगळे आधी तोच कागद बघतात. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, ती उगाच नाही. आमच्याकडे तर अडचण आणखी वेगळी. आमच्या कागदावरचा माणूस जिवंतच आहे, कागद वरवर निरोगी दिसतो. एरर नाही, वॉर्निंग नाही.

रात्री जेवताना मी विषय काढला आणि पंगतीत शांतता पसरली. मोठे काका म्हणाले, "लग्नात दिलं की तिला सगळं. आता हिस्से पाडायचे का?" काका वाईट माणूस नाहीत. तीस वर्षं तीन घरांची शेती त्यांनी ओढली, माझ्या इंजिनिअरिंगची फी मिरचीच्या पट्टीतून त्यांनीच भरली. बाबा ताटाकडे बघत राहिले.

बोलली ती आत्याच. "मी काय जमीन डोक्यावर घिऊन भैंशाला जाणारंय का रे दादा? उद्या हक्कसोड करून दे म्हणलास तर दीन बी. पण सोडायला आधी नाव तर लागलं पायजे का नको? माझ्या बापाच्या कागदावर मी दिसंनाच की."

मला या वाक्याने गप्प केलं. हक्कसोडपत्र करायचं तरी आधी हक्क दिसावा लागतो. जी व्हॅल्यू मॅपमध्ये कधी घातलीच नाही ती काढणार कशी? आम्ही घरातले सगळे समजत होतो की आत्याने कधी काही मागितलं नाही. प्रत्यक्षात तिला नाही म्हणायचीसुद्धा संधी कोणी दिली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात बाबांनी आणि धाकट्या काकांनी ए.कु.मॅ. शेरा कमी करून चारही वारसांची नावं लावण्याचा अर्ज दिला. फेरफार धरला गेलाय, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघालीय. आज बारावा दिवस. मोठ्या काकांनी नोटीस घेतली, सही केली, घडी करून खिशात ठेवली आणि शेताकडे गेले, असं बाबा फोनवर सांगत होते. हरकत अजून तरी आलेली नाही.

माझा बग दुरुस्त करायला अर्धा तास लागला होता. याला किती लागेल बघू या.

असो. तुमच्याही घरचा सातबारा या वीकेंडला एकदा उघडून बघा. नावं किती आहेत ते मोजा, आणि मग आजोबांना मुलं-मुली किती होती तेही मोजा.