वाफशाच्या शोधात खानदेश

सिंचनाचा इतिहास आपण नेहमी पाण्याच्या हिशेबाने लिहितो. धरणात किती पाणी मावते, कालवा किती लांब आहे, किती एकर रान भिजले, एवढ्यावर तो संपतो. मुळाच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब अर्धाच आहे. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते, आणि जमिनीतल्या पोकळ्यांमध्ये पाणी व हवा एकमेकांची जागा बळकावत असतात. पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवसांनी रानात वाफसा येतो, तेव्हाच शेतकरी औत काढतो, कारण त्या वेळी मातीत दोन्ही गोष्टी हव्या त्या प्रमाणात असतात. भडगावसारख्या गिरणाकाठच्या गावात आज कुणी घराच्या गच्चीवर उच्च दाबाचा एरोपोनिक संच उभा केला, म्हणजे माती अजिबात न वापरता बंद पेटीत लोंबणाऱ्या मुळांवर खतपाण्याचे धुके मारून भाजी पिकवायची ठरवली, तर ते परदेशातून, नासाच्या प्रयोगशाळेतून थेट उतरलेले खूळ वाटेल. मला ते तसे वाटत नाही. खानदेशातल्या सिंचनाचा इतिहास वाफशाचा इतिहास म्हणून वाचला, तर हा संच त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम ठरतो, आणि त्याच्या अडचणीही त्याच वाटेवर आधी भेटून गेलेल्या आहेत.

सुरुवात फडापासून करावी लागते. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाटाने पाणी घेण्याची फड पद्धत काही शतकांची आहे, आणि धुळे-नाशिककडे तिचे अवशेष अजून चालू स्थितीत सापडतात. बंधाऱ्याखालचे रान मोठमोठ्या फडांत, बहुधा चार, विभागलेले असे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि दरवर्षी पिके फडाफडातून फिरवायची. उसाचा फड पुढच्या वेळी भुसाराचा होई, एखादा फड हंगामभर कोरडाही राही. पाणी कुणी, केव्हा आणि किती वेळ घ्यायचे हे पंच ठरवीत. पाटकरी पाणी फिरवी, हवालदार लक्ष ठेवी, जागल्या राखण करी. या रचनेची स्तुती बहुतेक वेळा समन्यायी वाटपासाठी होते, आणि ती रास्तच आहे. पण शेतीच्या दृष्टीने तिचा दुसरा गुण मला तितकाच मोलाचा वाटतो. एका फडात एकच पीक असल्याने कोरडवाहू पिकाच्या शेजारी उसाचे पाणी झिरपत नसे, आणि दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत जमीन श्वास घेई. पाळी म्हणजे पाण्याची वाटणी होती तशीच ती हवेचीही होती.

यावर आक्षेप असा की फडातले पाणी मोकाट होते. वाफे तुडुंब भरायचे, मग कसला वाफसा? आक्षेप खोटा नाही. पाणी दिल्यानंतर दोन-तीन दिवस काळ्या मातीतली मुळे गुदमरत असणारच. पण पद्धतीची परीक्षा तिच्या एका दिवसावरून न करता तिच्या शतकांवरून करावी. फडांखालच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या पिकत्या राहिल्या. याउलट १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यावर, जिथे पाणी मुबलक आणि शिस्त नवी होती, तिथे काही दशकांतच चांगल्या जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या, आणि १९२० च्या दशकात इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांना जमिनीचा निचरा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय करावा लागला. या दोन टोकांच्या मध्ये एक मोठे नाव येते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक धुळ्याजवळ, दातर्तीला पांझरेच्या पाण्यासाठी घातलेल्या नळाचे होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली. तीत ठरवलेल्या तुकड्यांनाच पाणी मिळे, त्यातल्या काही भागातच ऊस असे, उरलेल्यात हंगामी पिके, आणि त्यांची फेरपालट होई. पांझरेच्या फडांशी तिचे साम्य डोळ्यांत भरते. एका ठिकाणी ऊस आणि पाणी साचू द्यायचे नाही, हे दोन्हींचे सूत्र आहे.

भडगावचे स्वतःचे एक पान या इतिहासात आहे आणि ते फारसे कुणी उघडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे सरकारी प्रायोगिक शेत होते. कापूस आणि इतर पिकांचे प्रयोग तिथे मातीत, नांगराने आणि बियाण्याने चालले. जवळपास त्याच काळात, १८६० च्या दशकात, जर्मनीत युलिउस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी दाखवून दिले होते की मोजकी क्षारद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यात, मातीचा कणही नसताना, रोप पूर्ण वाढू शकते. भडगावच्या शेतावर या शोधाला काही काम नव्हते आणि असायचे कारणही नव्हते. पण मातीचे काम आपण दुसऱ्या मार्गाने करू शकतो, हा विचार त्या दशकांत जगात रुजला, आणि त्याची फांदी पुढे हवेत गेली.

ही फांदी कशासाठी फुटली हे महत्त्वाचे आहे. १९११ मध्ये रशियात आर्तसिखोव्स्की यांनी हवेतल्या लागवडीवर लिहिले ते मुळांचा अभ्यास करण्याच्या हेतूने. १९४२ मध्ये कार्टर यांनी बाष्पात रोपे वाढवण्याची रीत दिली, तीही मुळे तपासता यावीत म्हणून. १९४४ मध्ये क्लॉट्झ यांनी लिंबूवर्गीय झाडे आणि ॲव्होकॅडो यांच्या मूळकुजीसारख्या रोगांचा अभ्यास करताना मुळांवर धुके सोडले. १९५७ मध्ये फ्रिट्स वेंट यांनी कॉफी आणि टोमॅटोची मुळे हवेत टांगून खतपाण्याचे धुके दिले आणि या रीतीला एरोपोनिक्स हे नाव पडले. १९८० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड स्टोनर यांनी तिला बाजारात आणले आणि १९९० च्या दशकात नासाने तिच्यात रस घेतला. म्हणजे जन्मापासून कितीतरी दशके ही रीत मुळांकडे पाहण्याची खिडकी होती. पीक काढण्याचे यंत्र ती नंतर झाली. गच्चीवरच्या आजच्या हौशी माणसाने हा क्रम ध्यानात ठेवला तर त्याच्या अपेक्षा जमिनीवर राहतील.

खानदेशात मधली पायरी ठिबकने घातली. इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर १९६५ मध्ये हात्सेरीम किब्बुत्झने ठिबकनळ्यांचा कारखाना उभा केला. जळगावात भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आणि त्याच दशकाच्या अखेरीस ठिबक सुरू केले. ठिबकची जाहिरात पाणी वाचते म्हणून झाली, अनुदानही त्याच नावाने आले. पण केळीच्या बागायतदाराला फरक दिसला तो मुख्यतः वाढीत. मोकाट पाण्यावर वर्ष-दीड वर्ष रखडणारी केळी ऊतिसंवर्धित रोपे, ठिबक आणि विद्राव्य खते यांच्या जोरावर साधारण ११-१२ महिन्यांत कापणीला येऊ लागली. याचे श्रेय रोपाच्या एकसारखेपणाला आणि खताला आहेच, तरी मुळांभोवतीचा वाफसा रोजच्या रोज टिकून राहणे हे त्याचे मूळ कारण मला वाटते. पाणी थोडे थोडे आणि वारंवार दिले की पोकळ्या पूर्ण भरत नाहीत. याच काळात ऊतिसंवर्धित केळीची नाजूक रोपे सवयीस आणण्यासाठी शेडनेटमध्ये फॉगर लागले. चार किलो दाबाच्या आसपास चालणारा चारतोंडी फॉगर जळगाव जिल्ह्यातल्या रोपवाटिकांना आता नवा नाही. तिथे धुके पानांवर पडते, एरोपोनिक्समध्ये मुळांवर. तंत्राची झेप तेवढीच आहे.

ती झेप का घ्यावी, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. हवेत ऑक्सिजन पाण्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो, आणि २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणून मुळाभोवती पाण्याचा थर जितका पातळ, तितका त्याला श्वास सुलभ. उच्च दाबाच्या संचाची सारी खटपट या थरासाठी आहे. ठिबक एक किलो दाबावर चालते, इथे साडेपाच ते सात किलो लागतात. ०.४ मिलिमीटरच्या आसपास छिद्र असलेल्या नोझलमधून एवढ्या दाबाने पाणी निघाले तर थेंब साधारण ५० मायक्रॉनच्या घरात येतात. याहून मोठे थेंब मुळावरून ओघळतात, फार बारीक असले तर मुळाला न लागता तरंगत राहतात आणि मुळे केसाळ पण कमजोर होतात. हा दाब देणारा पंप दुर्मिळ नाही. घरच्या आरओ पाणीशुद्धीकरण यंत्रातला डायफ्रॅम पंप इथे चालतो. सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि सेकंदांत वेळ मोजणारा टायमर जोडला की पाच सेकंद धुके, पाच मिनिटे विश्रांती अशी पाळी लागते. पाटकरी पांझरेच्या फडात लावी तीच ही पाळी, फक्त आठवड्यांची मिनिटे झाली.

आणि इथेच मला या संचातला खरा शोध दिसतो. लोकांचे लक्ष नोझलकडे जाते. पंपाइतकीच आवश्यक, पण दुर्लक्षित वस्तू म्हणजे दाबाची टाकी. तिच्यात रबरी फुग्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते. पंपाने पाणी भरत गेले की हवा दबते, आणि व्हॉल्व्ह उघडताच तीच हवा पाणी ढकलते. त्यामुळे पहिल्या क्षणापासून पूर्ण दाब मिळतो आणि पाच सेकंदांतले दोन सेकंद मोठे थेंब टपकवण्यात वाया जात नाहीत. शिवाय वीज गेली तरी ती काही काळ तग धरते. साधा हिशेब मांडून पाहता येतो. एक नोझल तासाला चार लिटर पाणी देते असे धरले तर पाच सेकंदांत साडेपाच मिलिलिटर. दहा नोझलना, तासात बारा पाळ्यांना, सुमारे ६७० मिलिलिटर. २० लिटरच्या टाकीत सात किलोपासून साडेपाच किलोपर्यंत दाब उतरेतो जेमतेम तीन लिटर पाणी मिळते. म्हणजे व्हॉल्व्ह आणि टायमर छोट्या बॅटरीवर ठेवले तर पंप बंद असतानाही चार-साडेचार तास निभावतात. मे महिन्याच्या दुपारी धुके थांबले तर लोंबणारी मुळे तासाभरातच सुकू लागतात, म्हणून हे तास म्हणजेच पिकाचे आयुष्य. फडात जागल्या होता. इथे त्याचे काम या टाकीने करायचे आहे.

विजेचा मुद्दा काढून कुणी म्हणेल की शेतीपंपाला दिवसा किंवा रात्री पाळीने आठ-दहा तास वीज मिळणाऱ्या मुलखात असल्या यंत्राला अर्थ नाही. शेताच्या बांधावर खरोखरच नाही. घर गावठाण फिडरवर असते, तिथे वीज तुलनेने टिकते, म्हणून हा संच घराचाच आहे, शेताचा नाही. दुसरा आक्षेप जास्त खोल जातो. माती हा केवळ मुळांना धरणारा आधार नाही. गिरणेची काळी माती पाणी साठवते, खत धरून ठेवते, आम्लता सांभाळते आणि चूक माफ करते. एरोपोनिक पेटी कोणतीच चूक माफ करत नाही, सामू साडेपाच ते साडेसहाच्या बाहेर गेला तरी नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच ज्वारी, कापूस, केळी यांना ही रीत लावायचा विचार कुणी करू नये. उष्णता हा तिसरा अडसर. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या भागात खतपाणी पंचविशीच्या आत ठेवायला टाकी जमिनीत पुरावी लागेल, पेटी सावलीत आणि जाड अस्तराची लागेल. क्षारांबद्दल मात्र खानदेशाला काही शिकवायला नको. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर बुजतात, ते ॲसिडने आणि क्लोरीनने मोकळे करायचे, वाळूचा आणि जाळीचा फिल्टर धुवायचा, हे इथल्या ठिबकधारकाच्या हाताला ठाऊक आहे. ०.४ मिलिमीटरचे छिद्र ड्रिपरच्या वाटेपेक्षा लवकर बुजेल, उपाय तेच.

मग या पेटीत काय लावायचे? पालेभाज्या येतील, पण बाजारात पालक आणि मेथी जुडीने मिळत असताना त्यासाठी एवढा खर्च पटत नाही. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने रोगमुक्त बटाटा बियाण्यासाठी ही रीत बसवली, कारण तिथे एकेका मिनिट्यूबरचे मोल मोठे आहे आणि माती नसणे हाच मुख्य फायदा आहे. भडगावच्या परिसरात त्या तोडीचे काम लिंबू-मोसंबीच्या रोपांचे आहे. मूळकूज आणि डिंक्या हे रोग बागायतदाराला दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो, कारण जे बिघडते ते मातीखाली. क्लॉट्झ यांनी १९४४ मध्ये जी खिडकी उघडली तिची गरज इथे आहे. एकाच खुंटाची रोपे दोन पेट्यांत घ्यावीत, एकीला पाच मिनिटांची विश्रांती द्यावी आणि दुसरीतली मुळे बराच वेळ ओली राहतील अशी पाळी लावावी. पांढरी मुळे केव्हा फुटतात, केव्हा तपकिरी होतात, हे झाकण उचलून रोज टिपता येईल. ती नोंद मग बागेतल्या ठिबकच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी, कारण मोसंबीचे पाणी आजही बहुतेक ठिकाणी मुळाची हालत न पाहता, वरच्या मातीचा रंग पाहून सोडले जाते.